आठ दिवसांत कोणी म्हातारं होत नाही: पॉलिमायाल्जिया म्हणजे काय ते समजून घ्या

मी ठाण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, १९ वर्षं झाली, आणि सकाळचं होम कलेक्शन माझ्याकडे असतं. म्हणजे साडेसहाला स्कूटी काढायची आणि नौपाडा, चरई, गोखले रोडच्या मागच्या गल्ल्या, कधी कोपरी असं करत साडेनऊपर्यंत पंधराएक घरं उरकायची. पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे. त्यामुळे मला एक गोष्ट रोज दिसते जी डॉक्टरांना सहसा बघायला मिळत नाही, ती म्हणजे म्हातारी माणसं सकाळी सात वाजता कशी असतात.

दवाखान्यात जायची वेळ संध्याकाळची. मुलगा ऑफिसमधून आला की आजींना रिक्षात घालून नेतो, तोपर्यंत दिवसभराच्या हालचालीने अंग सुटलेलं असतं, डॉक्टर म्हणतात हात वर करा, आजी करतात, थोडं दुखतं म्हणतात, आणि मग वयानुसार होणारच हो, कॅल्शियम घ्या, शेक द्या असं म्हणून सगळे घरी येतात. त्याच आजींना मी सकाळी ब्लाऊजची बाही जरा वर घ्या म्हटलं की सूनबाईंना हाक मारावी लागते. दोघीही खऱ्याच, पण संध्याकाळच्या आजींवरून सकाळच्या आजींचा अंदाज येत नाही.

हे मला कळायला स्वतःच्या आईचं दुखणं यावं लागलं. आई वर्तकनगरला दादाकडे असते, तेव्हा ७२ पूर्ण होती. एका रविवारी मी गेले तर म्हणाली, अगं जरा माझी वेणी घालून दे. आयुष्यात तिने कोणाला वेणी घालायला सांगितलं नव्हतं. मी म्हटलं का गं, तर तिने हात वर करून दाखवला, तो कानापर्यंत आला आणि तिथेच थांबला, दुसरा हातही तसाच. रात्री कूस बदलता येत नाही म्हणाली, बाथरूमला उठायचं तर आधी कडेला सरकायचं, मग खिडकीच्या ग्रिलला धरून स्वतःला ओढायचं, आणि कमोडवरून उठताना मांड्या उठतच नाहीत. भूक गेली होती, संध्याकाळी अंगात कणकण. मी विचारलं कधीपासून, तर आठ-दहा दिवस. त्याच्या आदल्याच आठवड्यात हीच बाई जांभळी नाक्यावरून दोन पिशव्या भाजी आणि तीन नारळ घेऊन बसने घरी आली होती.

घरात सगळे म्हणत होते वय झालं. पण वय असं आठ दिवसांत होतं का हो? म्हातारपण वर्षावर्षाने येतं, आज एक जिना जड वाटतो, दोन वर्षांनी दुसरा. गेल्या महिन्यापर्यंत सगळं स्वतःचं स्वतः करणारं माणूस अचानक दोन्ही खांद्यांनी आणि दोन्ही मांड्यांनी जखडलं तर ते वय नसतं, आजार असतो, आणि तो शोधावा लागतो.

आईला निघालं ते पॉलिमायाल्जिया ऱ्हुमॅटिका, डॉक्टर लोक थोडक्यात पीएमआर म्हणतात. पॉली म्हणजे अनेक आणि मायाल्जिया म्हणजे स्नायूंचं दुखणं. गंमत अशी की या नावाने थोडी दिशाभूलच होते, कारण पेशंटला दुखतं स्नायूत, दंड दुखतात, मान दुखते, मांड्या भरून येतात, पण मूळ सूज स्नायूत नसते. आपल्या खांद्याच्या आणि खुब्याच्या सांध्याभोवती वंगणाच्या छोट्या पिशव्या असतात, बर्सा म्हणतात त्यांना, स्नायू हाडावरून सरकताना घासू नये म्हणून. त्या पिशव्या आणि सांध्याचं आतलं अस्तर सुजतं. ही सूज वरून दिसत नाही, सोनोग्राफीत दिसते. शरीराची जी संरक्षण करणारी यंत्रणा आहे तीच चुकून आपल्याच जागेवर पेटते. नेमकं कशाने पेटते ते अजून कोणाला सापडलेलं नाही, त्यामुळे आईने उगाच आठवत बसायचं की मी गार पाण्याने केस धुतले म्हणून झालं का, ते मी आधी बंद केलं. तिने काही चुकीचं केलेलं नव्हतं.

हा आजार ५० वर्षांखाली जवळजवळ होतच नाही, जास्त करून सत्तरीत होतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांना दोन-तीन पट. सगळ्यात जास्त सापडतो तो नॉर्वे, स्वीडन वगैरे उत्तरेकडच्या देशांत. स्कॉटलंडच्या डॉ. विल्यम ब्रूस यांनी १८८८ मध्येच याचं वर्णन लिहून ठेवलं होतं, आजचं नाव मिळालं १९५७ मध्ये. आपल्याकडे त्या मानाने कमी दिसतो आणि मला वाटतं म्हणूनच पटकन कोणाच्या डोक्यात येत नाही, घरच्यांच्या तर नाहीच नाही.

आता सकाळीच का जखडतं ते सांगते. इंटरल्यूकिन-६ नावाचं एक रसायन या सुजेत खूप वाढलेलं असतं, आणि ते रात्री उशिरा आणि पहाटे चढतं. त्यात रात्रभर अंग हललेलं नसतं. म्हणून उठल्यावर पाऊण तास, तास, कोणाकोणाला दुपारपर्यंत अंग लाकडासारखं, मग हळूहळू मोकळं. दिवसासुद्धा एका जागी बसून राहिलं, दोन सिरियल सलग बघितल्या किंवा ठाण्याहून पुण्यापर्यंत गाडीत बसलं की उतरताना परत तेच. डॉक्टर विचारतात सकाळी किती वेळ आखडतं, त्याचं उत्तर बराच वेळ असं देऊ नका, घड्याळ लावून सांगा. पाऊण तासाच्या वर जातंय का हे त्यांना खरंच हवं असतं. आणि दुसरं म्हणजे सकाळी उठतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा मोबाईलवर. आम्ही आईचा काढला, कूस बदलून पलंगावरून उठेपर्यंतचा, आणि संधिवाताच्या डॉक्टरांनी तो दोनदा बघितला.

पण खांदे दुखले की लगेच पीएमआर असंही समजू नका, सारखं दिसणारं बरंच काही आहे. डायबेटिसवाल्यांना फ्रोजन शोल्डर होतो, पण तो बहुधा एकाच बाजूला, आणि तिथे दुसऱ्याने हात उचलून दिला तरी खांदा वळत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळीने काहींचे स्नायू दुखतात. थायरॉइड कमी असेल, व्हिटॅमिन डी फारच खाली असेल तरी मांड्या दुखतात. चिकनगुनिया होऊन गेल्यावर महिनोन्महिने दुखतं, पण ते जास्त बोटं, मनगटं, घोटे. उतारवयात नव्याने सुरू होणारा आमवात तर सुरुवातीला हुबेहूब असाच वाटू शकतो. आणि एक महत्त्वाचा फरक म्हणजे दुखल्यामुळे हात उचलत नाही आणि ताकदच नाही म्हणून हात उचलत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पीएमआरमध्ये ताकद शाबूत असते, दुखतं म्हणून माणूस थांबतं. न दुखता नुसतं बळच गेलं असेल तर स्नायूंचा वेगळा आजार असू शकतो, त्यात सीपीके नावाची टेस्ट वाढते, पीएमआरमध्ये ती नॉर्मल येते.

टेस्टचं निघालंच आहे तर ईएसआरबद्दल नीट सांगते, कारण ही माझ्या रोजच्या हातातली गोष्ट आहे आणि लोकांना ती नुसता रिपोर्टवरचा आकडा वाटते. काळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये रक्त घेतो, त्यात ते गोठू नये म्हणून सायट्रेट असतं. मग ते एका लांब बारीक काचेच्या नळीत शून्याच्या खुणेपर्यंत भरून स्टँडला अगदी सरळ उभं करायचं, तिरकं झालं तर आकडा चुकतो, आणि एक तास हात लावायचा नाही. तासाभरात लाल पेशी आपल्या वजनाने खाली बसत जातात आणि वर पिवळसर पाणी सुटतं, ते किती मिलिमीटर सुटलं तोच ईएसआर. आता मशीनवर पटकन होतं, पण तत्त्व तेच. शरीरात कुठे सूज पेटली की लिव्हर फायब्रिनोजेन वगैरे प्रोटीन जास्त बनवतं, त्याने लाल पेशी एकमेकींना चिकटून नाण्यांच्या चळतीसारख्या होतात, चळत जड, ती भराभर खाली जाते. म्हणून आकडा वाढतो. वयाने तो थोडा वाढतोच, बायकांसाठी एक ढोबळ हिशोब आहे, वयात १० मिळवायचे आणि निम्मे करायचे, पुरुषांसाठी नुसतं वयाच्या निम्मे. म्हणजे आईला ४१ पर्यंत मी काही म्हटलं नसतं. तिचं सँपल मी स्वतः काढलं, स्वतः लावलं, आणि तासाने बघितलं तर ८८. १९ वर्षांत हजारो नळ्या वाचल्या असतील, पण त्या नळीपुढे मी जरा वेळ उभीच राहिले.

सोबत सीआरपी करतात, हे सुजेत वाढणारं एक प्रोटीन, तोसुद्धा लिव्हरच बनवतं पण तो लवकर चढतो आणि लवकर उतरतो, त्यामुळे औषध लागू पडतंय का ते त्यात आधी कळतं. फार थोड्या पेशंटमध्ये यातलं एखादं नॉर्मलही येतं. उलट ईएसआर वाढला म्हणजे पीएमआरच असंही नाही, टीबीत वाढतो, इन्फेक्शनमध्ये वाढतो, नुसतं रक्त कमी असलं तरी वाढतो, काही कॅन्सरमध्येही वाढतो. म्हणून डॉक्टर सीबीसी, शुगर, थायरॉइड, किडनी, आमवाताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी, कधी प्रोटीनची इलेक्ट्रोफोरेसिस, छातीचा एक्सरे असं सगळं लिहून देतात. एवढ्या टेस्ट कशाला असं घरचे मला विचारतात. अहो, याची अशी एक खात्रीची टेस्ट नाहीये, बाकीचं एकेक वगळत यावं लागतं, आणि पुढे जी गोळी द्यायची तिने लपलेला टीबी उसळू शकतो, तो आधी बघितलाच पाहिजे. आणि एक कळकळीची विनंती, रक्त द्यायच्या आधी कोणाकडून दुखण्याचं इंजेक्शन मारून घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असलं तर आकडे खाली येतात आणि डॉक्टरांच्या हातातला धागाच सुटतो.

औषध म्हणजे प्रेडनिसोलोन, हेच ते स्टेरॉइड, मेडिकलमध्ये वायसोलोन, ओमनाकॉर्टिल या नावांनी मिळतं. साध्या पेनकिलरने या आजारात फारसं होत नाही, उलट या वयात किडनी आणि पोट खराब व्हायची भीती. प्रेडनिसोलोनचा डोस सुरुवातीला साधारण १२.५ ते २५ मिलिग्रॅमच्या मधला असतो, पेशंटचं वजन, शुगर, बीपी बघून डॉक्टर ठरवतात. आईला १५ दिला, सकाळी नाश्त्यानंतर. तिसऱ्या दिवशी सकाळी दादाचा फोन, घाबरलेच मी, तर म्हणाला आई किचनमध्ये आहे, वरच्या फळीवरचा पोह्यांचा डबा तिने स्वतः काढला. असा झपाट्याने उतार पडणं ही या आजाराची ओळखच आहे. आठवड्याभरात निम्म्यानेही फरक नाही पडला तर निदान परत तपासायला हवं. पण गोळीने बरं वाटलं म्हणजे पीएमआर सिद्ध झाला असंही नाही, स्टेरॉइडने दुसऱ्याही कितीतरी दुखण्यांत बरं वाटतं.

खरी परीक्षा यापुढे असते. बरं तर तिसऱ्या दिवशी वाटतं, गोळी मात्र वर्ष-दोन वर्षं चालते, कोणाकोणाला आणखी जास्त. महिना-दोन महिन्यांत १० मिलिग्रॅमवर आणतात आणि मग महिन्याला १ मिलिग्रॅम इतक्या हळू उतरवतात. इतकं हळू का तर दोन कारणं. एक, आग वरून विझली तरी आत धुगधुगत असते, भराभर उतरवलं की परत भडकते, आणि नीट उतरवूनसुद्धा बऱ्याच जणांना एकदा तरी भडकतेच. दुसरं, आपल्या किडनीवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी रोज स्वतःचं कॉर्टिसोल बनवतात, प्रेडनिसोलोनच्या हिशोबात साधारण ५ मिलिग्रॅमच्या आसपास. बाहेरून गोळी येतेय म्हटल्यावर त्या काम कमी करून झोपी जातात. गोळी एकदम बंद केली तर बाहेरचंही नाही आणि घरचंही नाही, मग चक्कर, उलट्या, बीपी पडणं, आणि त्यात इन्फेक्शन किंवा ऑपरेशन आलं तर जिवावर बेतू शकतं. त्यांना जागं व्हायला वेळ द्यावा लागतो.

आईने नेमकं हेच केलं. अडीच महिन्यांनी उपवनला फिरायला येणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी सांगितलं की स्टेरॉइड म्हणजे विष, हाडं पोकळ होतात, तर तिने कोणालाही न सांगता १० वरून गोळी बंद केली. चौथ्या दिवशी पलंगावरून उठता येईना, उलट्या सुरू, ती रात्र आम्ही हॉस्पिटलमध्ये काढली. मी तिला रागावले नाही, कारण त्या बाई काही अगदी खोटं बोलल्या नव्हत्या. या गोळीने शुगर वाढते, बीपी वाढतं, हाडं ठिसूळ होतात, मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतो, चेहरा सुजतो, झोप उडते, चिडचिड होते. हे सगळं खरं आहे. फक्त त्याचा उपाय गोळी फेकणं हा नसून एकेकावर लक्ष ठेवणं हा आहे. हाडांसाठी कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, डेक्सा स्कॅन म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी, आणि लागली तर हाडांची वेगळी गोळी. डोळ्यांची तपासणी. फ्लू आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांना विचारून. शुगरच्या बाबतीत तर मी हात जोडून सांगते, नुसती उपाशीपोटीची तपासून समाधान मानू नका. गोळी सकाळी घेतली जाते, तिचा जोर दुपारी-संध्याकाळी असतो, फास्टिंग ९८ आणि जेवणानंतरची २६० असे रिपोर्ट माझ्या हातून गेलेत. पीपी, म्हणजे जेवणानंतरची, कराच.

गोळी उतरवताना सारखं भडकत असेल किंवा शुगर फार वाढत असेल तर मेथोट्रेक्सेट जोडतात. ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, एकच ठरलेला वार, चुकून रोज घेतली गेली तर फार घातक, म्हणून ती रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ठेवूच नका. मघाशी सांगितलं त्या इंटरल्यूकिन-६ ला अडवणारी इंजेक्शनंही आता आहेत, त्यातल्या सॅरिलुमॅबला अमेरिकेत २०२३ मध्ये या आजारासाठी मंजुरी मिळाली.

आणि त्या पुड्या. दर दोन-चार घरांत एखादी दिसते मला, वर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, आणि घरचे सांगतात वातावर रामबाण, दोन दिवसांत आजोबा चालायला लागले. अशा बेनामी पावडरींमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. म्हणजे डॉक्टरांचं मोजून-मापून दिलेलं स्टेरॉइड नको म्हणणारं माणूस तेच स्टेरॉइड न मोजता महिनोन्महिने घेत राहतं, शुगर कोणी बघत नाही, आणि पुडी संपली की एकदम बंद. यात आयुर्वेदाला बोल लावायचा नाही मला, पाकिटावर आत काय आहे ते लिहिलेलं नसेल तर ते औषध नाही एवढंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल. या आजाराचा एक सख्खा भाऊ आहे, जायंट सेल आर्टेरायटिस, त्यात कानशिलाच्या आणि डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या सुजतात. बाहेरच्या देशांतल्या अभ्यासांत पीएमआरच्या साधारण १० ते २० टक्के पेशंटमध्ये तो सापडतो. खुणा अशा, कधी नव्हतं असं डोकं दुखायला लागणं, विशेषतः कानशिलाला, कंगवा फिरवला किंवा उशीला डोकं टेकलं तरी टाळू दुखणं, भाकरी चावता चावता जबडा दुखून थांबावं लागणं आणि थांबलं की बरं वाटणं, एकाचे दोन दिसणं, किंवा डोळ्यासमोर पडदा येऊन जाणं, भले दोन मिनिटांत परत दिसायला लागलं तरीही. यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, सोमवार उजाडू द्यायचा नाही, त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, हॉस्पिटलला जायचं. कारण डोळ्याचा रक्तपुरवठा तुटून नजर गेली तर ती बहुतेक वेळा परत येत नाही, आणि दुसरा डोळाही थोड्या दिवसांत जाऊ शकतो. त्यासाठी ४० ते ६० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त डोस लागतो, त्यामुळे आपली १५ ची गोळी चालू आहे म्हणजे डोळे सुरक्षित असं धरून चालू नका. हे वेळेत पकडलं तर नजर वाचते.

घरात आम्ही काय केलं तेही सांगते. कमोडला उंची वाढवणारी सीट आणि बाजूला हँडल, पलंगाखाली लाकडी ठोकळे, पुढून हुकचे सैल ब्लाऊज, उठल्या उठल्या गरम पाण्याची आंघोळ आणि मग फिजिओने शिकवलेला खांद्याचा हलका व्यायाम. आराम कर, पडून राहा असं सांगू नका, पडून राहिलं की मांड्यांचं बळ जातं, आणि स्टेरॉइडही मांड्यांचंच बळ खातं. पर्समध्ये एक कागद, त्यावर गोळीचं नाव, आजचा डोस, कधीपासून चालू, डॉक्टरांचा नंबर. फोटो काढून तो आमच्या तिघांच्याही मोबाईलमध्ये आहे.

सध्या आई ३ मिलिग्रॅमवर आहे, दीड वर्ष होत आलं. मध्ये एकदा ५ वर असताना परत आखडलं होतं, पुन्हा साडेसातवर जाऊन उतरावं लागलं. सँपल मीच काढते, आणि मुद्दाम पहिलं घर तिचंच घेते, सकाळी साडेसहाला, ती झोपेतून उठायच्या आत. दारातून आवाज देते आणि ट्यूब काढायच्या आधी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून बघते, कूस बदलायला किती वेळ लागतो, ग्रिलला हात जातो का. गेल्या महिन्यात गेला नाही.